टार्गेट रायफलची बॅरल: किती साफ करायची, कशी करायची, कधी हात आवरायचा

रेंजवर जरा रुळलं की नव्या नेमबाजाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण सांगतो, सराव संपला की रोज बॅरल साफ केल्याशिवाय रायफलची केस (पेटी) बंद करायची नाही. दुसरा सांगतो, मी सीझनभर बॅरलला साफसफाईचा रॉड लावत नाही आणि तरी माझी रायफल पूर्ण दहा गुणच मारते. दोघंही चांगले नेमबाज असतात, त्यामुळे नवखा बिचारा दोन्हीकडून मान डोलावतो आणि घरी येऊन व्हिडिओ बघत बसतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. .२२ इंची मॅच (स्पर्धेची) बॅरल गोळ्या झाडून खराब होते, त्याहून जास्त ती साफ करणाऱ्याच्या हातून खराब होते. पुढच्या तोंडातून खुपसलेला रॉड, जोर लावून मागेपुढे घासलेला ब्रश, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागी) तसंच राहिलेलं तेल, ही कारणं झिजण्यापेक्षा मोठी. नीट सांभाळलेली बॅरल कित्येक दहा हजार गोळ्या पेलते. पण म्हणून हातच लावू नका असंही नाही, कारण आपल्याकडे पावसाळा आहे. तेव्हा कमी करा, सावकाश करा, एकाच दिशेने करा, आणि काय केलंत ते लिहून ठेवा.

हा लेख दोनच रायफलींपुरता आहे: ५० मीटरची .२२ आणि १० मीटरची एअर रायफल. ३०० मीटरच्या किंवा शिकारीच्या मोठ्या रायफलींचं शास्त्र वेगळं. त्यांच्या गोळीला तांब्याचं आवरण असतं, ते तांबं बॅरलमध्ये चिकटतं आणि ते काढायला अमोनियावालं तिखट द्रावण लागतं. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ त्याच रायफलींचे असतात. .२२च्या मॅच गोळीवर तांबं नसतंच, मग ते द्रावण विकत घ्यायचं कशाला?

बॅरलमध्ये नेमकं काय साचतं

.२२ची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, शिशाची, आणि वरून मेणासारख्या वंगणाचा पातळ थर दिलेली. सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने ती बाहेर पडते आणि रायफलिंगमुळे (बॅरलच्या आतल्या पिळदार खोबणींमुळे) साधारण दर १६ इंचांत स्वतःभोवती एक पूर्ण फेरा घेते. जाता जाता ते वंगण बॅरलच्या आतल्या अंगाला लागत राहतं. हा थर मळ नव्हे. बिडाचा तवा घासून लख्ख केला की पहिलं घावन चिकटतंच, तसं इथेही आहे: पूर्ण साफ केलेल्या बॅरलच्या पहिल्या काही गोळ्या भरकटतात आणि दहा-वीस गोळ्यांनंतर ग्रुप (टार्गेटवर पडलेल्या गोळ्यांचा पुंजका) जागेवर येतो. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, तिथे एवढं भरकटणं पुरेसं महाग पडतं. म्हणून सामन्याच्या आदल्या रात्री बॅरल चकाचक करणं हा नवख्यांचा सगळ्यात नडणारा उत्साह.

गोळीचा ब्रँड बदललात तरी हेच होतं. प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं. एलीची टेनेक्स मारत असलेल्या बॅरलमध्ये आरडब्ल्यूएसची आर५० भरली, तर पहिल्या वीसएक गोळ्यांवरून नव्या गोळीबद्दल मत बनवू नका.

खरा मळ साचतो तो चेंबरच्या तोंडाशी. .२२ रिमफायर जातीची, म्हणजे पेटवणारं मिश्रण काडतुसाच्या कडेत भरलेलं असतं. तिथे आपटायला ऐरणीसारखा वेगळा भाग नसल्याने ठिणगी पडावी म्हणून त्या मिश्रणात काचेची बारीक पूड घालतात. काच, शिसं, जळलेली पावडर आणि मेण यांचं कडक कडं चेंबरच्या लगेच पुढे धरतं. काचेची पूड बॅरलच्या तळाला पडते, घड्याळाच्या भाषेत सहा वाजताच्या बाजूला, आणि पुढची प्रत्येक गोळी ती घासत पुढे नेते. बॅरल झिजते ती तिथून. साफसफाईचं मुख्य कारण हे कडं आहे. बाकीच्या दोन फूट नळीची काळजी गोळीवरचं मेण बऱ्यापैकी घेतं.

इथे एक जुनी सवय बाजूला ठेवायला हवी. फौजेतून, पोलिसांतून किंवा एनसीसीतून आलेले वडीलधारे उकळत्या पाण्याने बॅरल धुवायला सांगतात. जुन्या फौजी .३०३ रायफलच्या काळात ते बरोबरच होतं. त्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये (पेटवणाऱ्या मिश्रणात) पोटॅशियम क्लोरेट असायचं, झाडल्यावर मीठ उरायचं, मीठ हवेतलं पाणी ओढायचं आणि रातोरात गंज चढायचा. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं, म्हणून उकळतं पाणी. आजच्या मॅच गोळीत तो प्रकार नाही. पाणी घालायचं काहीच कारण उरलेलं नाही.

सामान

थोडंच लागतं, पण ते चांगलं घ्या. क्लीनिंग रॉड अखंड हवा, तुकडे जोडून केलेला नको, कारण जोडांच्या कडा आतून ओरखडतात. वरून प्लॅस्टिकचं आवरण असलेला किंवा कार्बन फायबरचा चालतो, आणि त्याची मूठ बेअरिंगवर फिरणारी हवी. रॉड रायफलिंगच्या पिळाबरोबर आपोआप फिरला पाहिजे. फिरला नाही तर ब्रश किंवा पॅच (पुसायचा कापडाचा तुकडा) पिळावरून सरळ घसरत जातो आणि खोबणी साफ होतच नाहीत.

दुसरी वस्तू बोअर गाइड. बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाच्या) जागी बसणारी ही नळी रॉडला बॅरलच्या मध्यात धरते आणि द्रावण ट्रिगरमध्ये ओघळू देत नाही. रायफलच्या मॉडेलप्रमाणे ती वेगवेगळी मिळते: अँशुट्झची वेगळी, वॉल्थरची वेगळी. नवखे नेमके इथेच पैसे वाचवतात. ज्याच्याकडे रॉड आहे पण गाइड नाही, त्याने रॉड वापरूच नये, बॅरलमधून ओढायच्या साफसफाईच्या दोरीवर भागवावं.

पुसायला सुती पॅच किंवा फेल्टच्या तयार गोळ्या. जर्मन व्हीएफजी फेल्ट आपल्याकडचे बरेच नेमबाज वापरतात. महाग पडतात, पण बॅरलला चारही बाजूंनी सारखे टेकतात. घरी पॅच करायचे तर जुनी धुतलेली सुती बनियन किंवा फ्लॅनेल, धागे न सुटणारं. ब्रश कांस्याचा किंवा नायलॉनचा घ्या. स्टीलचा ब्रश तर दुकानातच ठेवा.

द्रावण म्हणून .२२साठी बनवलेलं साधं बोअर क्लीनर पुरतं. बऱ्याच जुन्या क्लबांत रॉकेल वापरतात. रॉकेल मेण सोडवतं हे खरं, पण मागे काही संरक्षण ठेवत नाही, तेव्हा ते वापरलंच तर शेवटी तेलाचा हात फिरवावाच लागतो. पाणी हटवणारे जे घरगुती स्प्रे मिळतात ते भिजलेली रायफल पुसायला ठीक, महिनाभर जपून ठेवायला अपुरे. खोबरेल तेल नको. ते थंडीत थिजतं आणि काही महिन्यांत चिकट होतं. बंदुकीचं तेल मिळत नसेल तर बाहेरच्या अंगासाठी शिलाई मशीनचं पातळ तेल बरं, फक्त ते वरचेवर लावावं लागतं.

याशिवाय एक जुना टूथब्रश, कापसाच्या काड्या, छोटी टॉर्च, हातमोजे. आणि वही.

.२२ची साफसफाई, क्रमाने

*पहिलं: रायफल रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.* कोणी तरी सांगितलं म्हणून नाही. बोल्ट काढा, चेंबरमध्ये टॉर्च मारा, मागून पुढपर्यंत उजेड दिसला पाहिजे. काडतुसांचा डबा दुसऱ्या टेबलावर ठेवा. .२२ ही शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवान्याची वस्तू आहे. बहुतेक नवोदित क्लबची रायफल वापरतात, तेव्हा प्रशिक्षक किंवा क्लबचा आर्मरर (शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा) शेजारी असतानाच हे काम करा. पहिल्या दोन-तीन वेळा तर त्यांनाच करू द्या आणि नुसतं बघा.

*दुसरं: गालपट्टी (नेम धरताना गाल टेकवायची पट्टी) खाली करा किंवा काढा.* मॅच रायफलची गालपट्टी इतकी वर असते की ती रॉडच्या वाटेत येते, आणि रॉड वाकडा घातला की तो बॅरलच्या एकाच बाजूला घासतो. काढण्याआधी तिच्या दांड्यांवरचे आकडे लिहून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा. नाही तर दुसऱ्या दिवशी डोळा डायॉप्टरसमोर (मागच्या साइटच्या भोकासमोर) येणार नाही आणि तुम्ही उगाच बॅरलला दोष द्याल.

*तिसरं: रायफल स्टँडमध्ये अशी ठेवा की पुढचं तोंड किंचित खाली राहील.* द्रावण पुढे वाहून गेलं पाहिजे. ते मागे आलं तर ट्रिगरमध्ये आणि बेडिंगमध्ये (रायफलचा धातूचा भाग दस्त्यात जिथे बसतो तिथे) शिरतं. ट्रिगरमध्ये गेलेलं तेल धुरळा धरतं, आणि ट्रिगर अडखळायला लागला की तो आर्मररचाच विषय होतो. तोंडाशी एक कापलेली प्लॅस्टिकची बाटली बांधा, घाणेरडे पॅच त्यात पडतील.

बॅरलच्या पुढे लांबी वाढवणारी एक्स्टेंशन ट्यूब लावलेली असेल तर ती काढून घ्या. तिच्यासोबत पुढचं साइटही निघत असेल तर झिरो (साइट आणि गोळीचा मेळ) पुन्हा करावा लागणार हे धरून चाला. बॅरलचं खरं तोंड त्या ट्यूबच्या आत असतं. पॅच तिथे अडकतो आणि तो ओढताना लोक जी झटापट करतात, ती बघवत नाही. ट्यूबमध्ये मेणाचा आणि शिशाचा चिखलही भरपूर जमलेला सापडेल.

*चौथं: बोअर गाइड बसवा आणि ओला पॅच मागून पुढे ढकला.* नेहमी मागून पुढे, म्हणजे गोळी जाते त्याच दिशेने. पहिला पॅच कोरडा न घालता ओला घालायचा, म्हणजे तळातली काचेची पूड घासत जाण्याऐवजी वाहून जाते. पॅच तोंडातून बाहेर आला की तो काढून टाका आणि रॉड हलक्या हाताने मागे घ्या. तोच पॅच परत ओढायचा नाही. प्रत्येक फेरीनंतर रॉड कपड्याने पुसायचा. रॉडवर चिकटलेली काच आतून सँडपेपरचं काम करते, आणि ही पायरी सगळेच विसरतात.

दोन-तीन ओले पॅच झाले की दहा मिनिटं थांबा. तेवढ्यात बोल्टचं काम उरकून घ्या.

*पाचवं: बोल्ट.* त्याच्या तोंडावर मेण आणि काळा मळ चिकटलेला असतो. टूथब्रशला थोडं द्रावण लावून तो काढा, काडतूस ओढणाऱ्या नख्यांच्या मागची जागा कापसाच्या काडीने साफ करा. नंतर कोरडं पुसून लॉकिंगच्या पृष्ठांवर ग्रीसचा अगदी तांदळाएवढा कण. बोल्ट उघडून फायरिंग पिनपर्यंत जाण्याची नवख्याला गरज नाही. स्प्रिंगवर तेल ओतायचीही नाही. ते तेल थंडीत घट्ट होतं, पिन संथ पडते आणि काडतूस फुसकं निघतं.

*सहावं: पुन्हा ओला पॅच, मग बघा.* पॅच करडा येत असेल तर पुढच्या पायरीला जा. काळाकुट्टच येत राहिला, किंवा काडतूस चेंबरमध्ये पूर्वीपेक्षा जड बसतंय असं वाटत असेल, तरच ब्रश. ब्रशला द्रावण लावून चेंबरच्या पुढच्या इंच-दीड इंचावर लक्ष द्या, कडं तिथेच आहे. बॅरलच्या मध्यावर ब्रशची दिशा उलटवू नका, तारा वाकतात. तो पूर्ण पुढे बाहेर काढा, तिथेच फिरवून सोडवा आणि नुसता रॉड मागे घ्या. कंटाळवाणं आहे, पण बाहेर आलेला ब्रश पुन्हा आत ओढताना बॅरलच्या तोंडाच्या कडेवर आपटतो. चार-सहा फेऱ्या पुरतात. त्याने कडं निघालं नाही तर आर्मररला दाखवा, जोर वाढवू नका. पॉलिशची पेस्ट तर अजिबात नको.

*सातवं: कोरडे पॅच.* तीन-चार. शेवटचा पॅच पांढराशुभ्र यायलाच हवा हा हट्ट सोडा. फिकट करडा आला की थांबायचं. शुभ्रतेच्या मागे लागून लोक तीस-तीस पॅच घालतात, त्यातून बॅरल स्वच्छ होत नाही, नुसती घासली जाते.

*आठवं: चेंबर वेगळं कोरडं करा.* बोअर गाइड चेंबर झाकून ठेवतो, म्हणून गाइड काढल्यावर तिथे द्रावण उरलेलं असतं. छोट्या काडीला कापूस गुंडाळून तो भाग पुसा. ओल्या चेंबरमध्ये काडतुसाची पकड सुटते आणि त्याचा दाब बोल्टवर जास्त येतो. तेलकट चेंबरने रायफल झाडणं धोक्याचं आहे, ही पायरी गाळायची नाही.

*नववं: तेल, पण कधी?* दुसऱ्या दिवशी सराव असेल आणि हवा कोरडी असेल तर बॅरलमध्ये तेल नको. आठवडाभर रायफल पडून राहणार असेल, किंवा जुलै-ऑगस्ट असेल, तर एका पॅचवर दोन थेंब टाकून एकदा फिरवा. मग रायफलला एक चिठ्ठी बांधा: ‘आत तेल आहे’. क्लबच्या रायफलला तर बांधाच, कारण सकाळी ती दुसराच कोणी उचलतो. झाडण्याआधी दोन कोरडे पॅच, चेंबर पुसणं, आणि मग साइटरच्या (गुणांत न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्यांच्या) आधी दहा-पंधरा गोळ्या मातीच्या बांधात.

बॅरलचं तोंड

यावर थोडं थांबतो, कारण अचूकतेचा शेवटचा निकाल इथे लागतो. गोळी बॅरल सोडते त्या क्षणी तिच्या मागचा वायू सगळीकडून सारखा सुटला पाहिजे. तोंडाच्या आतल्या कडेला, म्हणजे क्राउनला, एका बाजूला बारीकशी खोक जरी पडली तरी वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीला धक्का देतो. जुन्या फौजी रायफलींमध्ये दोरीचा पुल-थ्रू तिरका ओढून ओढून तोंड एका बाजूला झिजलेलं सापडतं. एनसीसीत चिंधी लावून पुल-थ्रू ओढलेल्यांनी ही सवय रेंजवर आणू नये: दोरी वापरायची तर बॅरलच्या अगदी सरळ रेषेत ओढायची, कडेवर टेकू द्यायची नाही.

तपासायची सोपी युक्ती आहे. कापसाची काडी आतल्या कडेवरून हळूच बाहेरच्या दिशेने ओढा, चारही बाजूंनी. कुठे कापसाचे तंतू अडकले तर तिथे खोक आहे. दुसरी खूण म्हणजे काही गोळ्या झाडल्यावर तोंडाभोवती मेणाचे जे फराटे उमटतात, चांदणीसारखे. ते चहूकडे सारखे असतील तर क्राउन बरा. एकीकडे लांब, एकीकडे गायब, असं दिसलं तर आर्मररकडे न्या. हे फराटे पुसायला धातूची वस्तू वापरू नका, ओला पॅच आणि बोट पुरे.

किती वेळाने?

माझा हिशेब ब्रिकवर चालतो. एका डब्यात ५० गोळ्या, दहा डब्यांची एक ब्रिक. रोजच्या सरावानंतर एक-दोन फेल्ट मागून पुढे ढकलायचे आणि चेंबर-बोल्ट पुसायचा, पाच मिनिटांचं काम. पूर्ण साफसफाई एक ते दोन ब्रिकनंतर. ब्रश चार-पाच ब्रिकनंतर, तोही गरज दिसली तर. यापेक्षा कमी साफ करून उत्तम खेळणारे आहेत, जास्त साफ करणारेही आहेत. तुमच्या बॅरलचं उत्तर तुमच्या वहीतून निघेल: तारीख, गोळीचा लॉट (कारखान्यात एका वेळी बनलेली खेप), किती झाडल्या, साफ केल्यावर कितव्या गोळीला ग्रुप बसला. काही महिन्यांत आकडे स्वतः बोलायला लागतात, आणि मग कोणाच्या सल्ल्याची गरज राहत नाही, माझ्यासुद्धा.

ग्रुप फाकला म्हणून लगेच रॉड उचलायचा नाही. आधी साइटचे स्क्रू तपासा. मग ॲक्शनचे (बोल्ट आणि चेंबर असलेला धातूचा भाग दस्त्याला धरणारे) स्क्रू कारखान्याने सांगितलेल्या टॉर्कवर, म्हणजे तेवढ्याच घट्टपणावर, आहेत का ते प्रशिक्षकाकडून तपासून घ्या. मग गोळीचा लॉट बदलून बघा. मग, खरं सांगायचं तर, स्वतःचा श्वास आणि ट्रिगर बघा. बॅरलचा नंबर त्यानंतर.

एअर रायफल

इथे काम फार कमी आहे. बारूद नाही, म्हणून काजळी नाही, काचेची पूड नाही, कडं नाही. ४.५ मिलिमीटरच्या शिशाच्या पेलेटची भुकटी आणि थोडंसं वंगण, एवढंच. दहा मीटरवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असला तरी या बॅरलला महिनोनमहिने काही होत नाही. पेलेटचे दोन-तीन डबे संपले की एकदा साफ करणं पुष्कळ झालं.

आधी दाबलेल्या हवेचा सिलिंडर काढा. काढल्यावरही आत थोडी हवा उरलेली असू शकते, म्हणून पेलेट नाही याची खात्री करून, सुरक्षित दिशेला रोखून, एकदा ट्रिगर दाबून ती सोडून द्या. लोडिंगची जागा अरुंद असल्याने मागून रॉड जात नाही, इथे नायलॉनची लवचीक दोरी कामाला येते. गवत कापायच्या यंत्रात लागते तसली गुळगुळीत दोरी दुमडून घरीही करता येते. दोरी पुढून आत सरकवा, मागे बाहेर आली की तिच्या फाशात पॅच अडकवा आणि पुढे सरळ ओढा. पॅच इतका घट्ट नको की मागच्या रबरी सीलला धरून ओढेल. ती छोटी रिंग कापली गेली तर वेग गोळीगणिक बदलतो.

द्रावण टाळाच. .२२चं बोअर क्लीनर सील फुगवतं. पहिल्या फेल्टला कंपनीने सांगितलेल्या तेलाचा एक थेंब, बाकी सगळे कोरडे. साफसफाईचे फेल्ट रायफलमधून झाडता येतात असं ऐकाल. तुमच्या रायफलच्या पुस्तिकेत लिहिलं असेल तरच तसं करा, आणि स्प्रिंगच्या रायफलीत अजिबात नको. फेल्ट इतका हलका असतो की पिस्टनला समोरून अडवणारं काही राहत नाही आणि तो आदळतो. साफ केल्यावर इथेही काही पेलेट सोडून द्याव्या लागतात, .२२इतक्या नाहीत.

पावसाळा

परदेशी पुस्तिकांमध्ये हे प्रकरण नसतं. वरळीच्या रेंजवर समुद्राचा वारा, कोल्हापूरच्या दुधाळीला जुलैतली सततची झड, बालेवाडीलाही त्या महिन्यांत हवा ओलीच. बॅरलवर घामाचा एक अंगठा उमटला आणि तसाच राहिला तर दोन दिवसांत तिथे तपकिरी ठसा दिसतो. रायफल ठेवण्याआधी धातूच्या प्रत्येक भागावरून तेलाचा किंचित हात लावलेलं फडकं फिरवा, मग उघड्या हाताने धरू नका. स्टेनलेस आहे म्हणून निर्धास्त राहू नका, खाऱ्या हवेत त्यालाही ठिपके पडतात.

केस हा छुपा शत्रू. आतला फोम दमट हवा शोषून धरतो आणि रायफल त्यात रात्रभर वाफाळत राहते. घरी पोचलं की केस उघडा, रायफल बाहेर काढून पुसा, फोम पंख्याखाली वाळू द्या. ठेवायचं कपाट भिंतीला टेकलेलं नको. सिलिका जेलच्या रंग बदलणाऱ्या पिशव्या ठेवा. रंग बदलला की त्या गरम करून पुन्हा वापरता येतात, फक्त स्वयंपाकाच्या भांड्यात नको.

एसीचा मुद्दाही आहे. गार खोलीतून किंवा गाडीतून काढलेली रायफल दमट रेंजवर उघडली की बॅरलवर, आणि बॅरलच्या आतही, दव धरतं. केस बंद ठेवूनच तिला बाहेरच्या हवेला अर्धा-पाऊण तास रुळू द्या, मग उघडा. हिवाळ्यात दिल्लीच्या तुघलकाबाद रेंजला जाणाऱ्यांना तेच उलट्या बाजूने: रेंजवरच्या थंडीतून हॉटेलच्या गरम खोलीत आणल्यावर केस लगेच उघडायची नाही.

हात आणि प्रवास

शिसं विषारी आहे, आणि साफ करताना ते झाडतानापेक्षा जास्त हाताला लागतं. हातमोजे घाला, काम झाल्यावर साबणाने हात धुवा, मधे चहा-बिस्किट नको. वापरलेले पॅच घरातल्या केरात न टाकता बंद पिशवीत क्लबवर नेऊन द्या. घरी लहान मूल असेल तर हे काम जेवणाच्या टेबलावर होता कामा नये.

स्पर्धेला विमानाने जाताना ज्वालाग्राही द्रावण सामानात चालत नाही. मावळंकर ही अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा असो की नॅशनल्स (राष्ट्रीय स्पर्धा), सोबत कोरडे फेल्ट, दोरी, कापसाच्या काड्या आणि तेलाचं फडकं इतकंच न्या. पूर्ण साफसफाई निघण्याच्या चार-पाच दिवस आधी उरकून, त्यानंतर निदान दोन पूर्ण सराव त्याच लॉटच्या गोळ्यांनी करून मगच रायफल केसमध्ये भरा. तिकडे पोचल्यावर पहिल्या सरावाआधी एक कोरडा फेल्ट, दहा गोळ्या, आणि मग साइट बघायला घ्या.